सागरतळाचा यात्रिक

सातपुड्याच्या दक्षिणेकडून वाहणारी तापी खानदेशची काळी जमीन ओलांडून पश्चिमेस जाते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्यांचे पाणीही तिच्या संगतीने त्याच समुद्रात जाऊन पडते. जळगाव-धुळ्याकडच्या कित्येक मुलांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. परंतु आपल्या शिवारात पडलेल्या पावसाचा काही अंश अखेर समुद्रातच विसावतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग या समुद्राने व्यापला आहे. मनुष्याने वाळवंटे तुडविली, हिमाच्छादित शिखरे गाठली. पण घराच्या उंबरठ्याशी असावे तसे किनाऱ्याला लागून असलेले हे जग मात्र शतकानुशतके त्याला परकेच राहिले. त्या जगाचे दार ज्यांनी सामान्य माणसासाठी उघडले, त्यांत झाक-ईव्ह कूस्तो यांचे नाव अग्रभागी आहे.

झाकचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या लहानशा गावी झाला. लहानपणी त्याची प्रकृती नाजूक होती. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबाला सतत प्रवास करावा लागे. झाक दहा वर्षांचा असताना हे कुटुंब काही काळ अमेरिकेत राहिले. तेथे उन्हाळी शिबिरात असताना तलावाच्या तळाशी साचलेल्या वाळक्या फांद्या काढण्याचे काम त्याच्यावर सोपविण्यात आले. हे काम खरे पाहता कंटाळवाणे. पण श्वास रोखून गढूळ पाण्यात डोळे उघडे ठेवण्याची सवय त्याला येथेच लागली.

शाळेत त्याचे लक्ष फारसे नसे. खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल एका शाळेतून त्याला काढून टाकण्यात आले होते. मात्र यंत्र दिसले की त्याची बोटे शिवशिवत. तेराव्या वर्षी साठविलेल्या पैशांतून त्याने चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा विकत आणला आणि प्रथम काय केले, तर तो पूर्ण उलगडून पुन्हा जोडला. पुढे कडक शिस्तीच्या एका वसतिशाळेत त्याला ठेवण्यात आले. तेथे या उनाड मुलाच्या बुद्धीला वळण लागले आणि १९३० साली तो ब्रेस्ट येथील नौदलाच्या विद्यालयात दाखल झाला.

कूस्तो यांना वैमानिक व्हावयाचे होते. त्यांचे शिक्षणही सुरू झाले होते. परंतु १९३६ साली रात्रीच्या वेळी त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. दोन्ही हातांना गंभीर दुखापत झाली. एक हात कापावा लागेल असे वैद्यांचे मत पडले. पण कूस्तो त्यास तयार झाले नाहीत. कित्येक महिने त्यांनी निर्जीव झालेल्या बोटांना पुन्हा हालचाल शिकविली. हात वाचले, आकाशाचे दार मात्र कायमचे बंद झाले.

हातांना बळ यावे म्हणून ते तूलाँ बंदराजवळच्या समुद्रात रोज पोहू लागले. फिलिप ताये या नौदलातील मित्राने त्यांना पाण्यात घालावयाचा चष्मा दिला. तो लावून कूस्तो यांनी पाण्याखाली पाहिले मात्र, त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. वर मोटारी धावत होत्या, माणसे आपापल्या कामात होती. आणि चार हात खाली हिरव्या वनस्पतींचे रान डोलत होते, चांदीच्या पत्र्यासारखे मासे त्यातून फिरत होते. १९३७ साली त्यांचा विवाह सिमोन मेल्शियोर यांच्याशी झाला. सिमोन यांनाही समुद्राची तितकीच ओढ होती. ताये, फ्रेदेरिक द्युमा आणि कूस्तो अशी तीन मित्रांची जोडगोत जमली आणि पाण्याखाली अधिक वेळ कसे राहता येईल, याचाच ध्यास त्यांना लागला.

त्या काळी पाणबुडे नव्हते असे नाही. तांब्याचे जड शिरस्त्राण, अंगभर रबरी पोशाख आणि पायांत शिशाचे बूट घालून ते तळावर उतरत. नावेवरचा पंप नळीवाटे त्यांना हवा पुरवी. पण असा पाणबुड्या खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा असे. नळी जाईल तेवढेच त्याचे जग. कूस्तो यांना माशाप्रमाणे मोकळे फिरावयाचे होते. त्यांनी प्रथम शुद्ध प्राणवायूचे उपकरण वापरून पाहिले. सुमारे चौदा मीटर खोलीवर त्यांचे ओठ थरथरू लागले, पाठ धनुष्यासारखी वाकली आणि शुद्ध हरपू लागली. दाबाखाली शुद्ध प्राणवायूच विष ठरतो, हे त्यांना जिवावरच्या प्रसंगातून कळले. शुद्ध जाण्याच्या आत त्यांनी कमरेचे वजन सोडून टाकले; त्यामुळे शरीर आपोआप वर आले आणि नावेवरच्या खलाशांनी त्यांना उचलून घेतले. त्या एका क्षणी वजन सोडता आले नसते, तर ही कथा तेथेच संपली असती.

अडचण कोठे होती, ते नीट समजून घेतले पाहिजे. पाण्यात दर दहा मीटर खाली गेल्यावर एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. बाहेरून इतका दाब छातीवर पडला असता साधी हवा फुप्फुसात ओढता येत नाही. आत येणारी हवाही तितक्याच दाबाची असावी लागते. नळकांड्यात तर हवा याहून अनेक पटींनी अधिक दाबून भरलेली. ती सरळ तोंडात सोडली तर घात, आणि सतत वाहू दिली तर ती लवकर संपते. तेव्हा श्वास घेताच हवा मिळावी, श्वास थांबताच ती बंद व्हावी आणि प्रत्येक खोलीवर तिचा दाब भोवतालच्या पाण्याइतका असावा, अशी झडप हवी होती.

ही झडप मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता आणि पेट्रोल दुर्मीळ झाले होते. मोटारी वायूवर चालविण्यासाठी एमिल गान्यॉं नावाच्या अभियंत्याने इंजिनाला हवा तेवढाच वायू पुरविणारी एक लहानशी झडप तयार केली होती. डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिस येथे कूस्तो त्यांना भेटले. एकाने समुद्राची गरज सांगितली, दुसऱ्याने यंत्राचे मर्म पुढे ठेवले. काही आठवड्यांतच पहिले उपकरण तयार झाले आणि मार्न नदीच्या थंडगार पाण्यात कूस्तो उतरले.

पहिली परीक्षा फसली. शरीर आडवे असताना हवा ठीक मिळे. उभे राहताच ती फुकट वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास कोंडे. दोघेही खिन्न मनाने परत निघाले. परंतु विचार करता करता दोष सापडला. उच्छ्वासाची वाट श्वासाच्या झडपेपेक्षा निराळ्या पातळीवर होती. त्यामुळे शरीर वळले की दोन्हींवरील पाण्याचा दाब वेगळा होई. दोन्ही एकाच पातळीवर आणताच उपकरण निर्दोष झाले. जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्राच्या किनारी बांदोल गावाजवळ कूस्तो यांनी तीन नळकांडी पाठीवर बांधली, कमरेला थोडे शिसे अडकविले आणि ते पाण्यात शिरले. वर सिमोन तरंगत राहून त्यांच्यावर नजर ठेवीत होत्या. किनाऱ्यावर द्युमा धावून जाण्याच्या तयारीत उभे होते. कूस्तो यांनी कोलांट्या घेतल्या, ते उताणे झाले, एका बोटावर उलटे उभे राहिले. कोणत्याही स्थितीत श्वास अडला नाही. ज्याला आकाशात उडता आले नाही, तो मनुष्य त्या दिवशी पाण्यात उडू लागला.

मुलांनो, हवा मिळाली म्हणजे सर्व काही झाले असे नाही. पाण्यात शरीर ना बुडावे, ना वर ओढले जावे, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. आपल्याकडे विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधतात. डब्याने जेवढे पाणी बाजूस सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार मुलाला मिळतो. आर्किमिडीजचा नियम तो हाच. डबा पाठीवर असेल तर शरीर आडवे आणि स्थिर राहते. तोच पायांना बांधला तर डोके खाली जाईल. म्हणजे आधार किती आहे एवढेच पाहून भागत नाही, तो कोठे आहे हेही पाहावे लागते. पाणबुड्याच्या साजाचे सारे शास्त्र या दोन गोष्टींत सामावले आहे.

कूस्तो यांच्या आरंभीच्या साजात केवळ पट्टे, नळकांडी आणि शिसे एवढेच होते. शिसे अचूक मोजून घ्यावे लागे आणि ते मोजमाप सर्वकाळ टिकत नसे. बारा लिटरच्या नळकांड्यात दोनशे पट दाबाने भरलेली हवा सुमारे तीन किलो भरते. ती जसजशी संपते तसतसा पाणबुड्या हलका होत जातो. उलट, अंगातला जाड रबरी पोशाख खोलीवर दाबला जाऊन पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती घटते. खाऱ्या पाण्याचा जोर गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक असतो. साजासह शंभर किलो भरणाऱ्या पाणबुड्याला तलावात पुरणारे शिसे समुद्रात अडीच किलोंनी कमी पडते. म्हणून हवेने फुगविता व रिकामी करता येईल अशी पिशवी आवश्यक झाली. १९६१ च्या सुमारास फ्रान्समध्येच छातीवर बांधावयाची अशी पिशवी प्रचारात आली. पुढे ती पाठीकडे गेली. आज कित्येक पाणबुडे पाठीला धातूची सपाट पाटी बांधतात, पाटीवर नळकांडे बसवितात आणि दोहोंच्या मध्ये पंखासारखी पिशवी ठेवतात. तिला ‘विंग’ म्हणजे पंख असेच नाव आहे. एक कळ दाबली की नळकांड्यातील हवा पंखात शिरते, दुसरी दाबली की बाहेर पडते.

हा साज निवडताना मोह टाळावा लागतो. पोलादी पाटी अडीच-तीन किलोंची असते. तितके शिसे कमरेवरून कमी होते आणि भार कण्याच्या बाजूने सारखा पसरतो, म्हणून शरीर आडवे राहण्यास मदत होते. प्रवासाला हलकी हवी असेल, अथवा उबदार पाण्यात पातळ पोशाखाने उतरावयाचे असेल, तर ॲल्युमिनियमची पाटी बरी. मात्र पाटीचे वजन पाण्यात टाकून देता येत नाही. म्हणून सारा भार पाटीत न घालता, प्रसंगी झटकन सोडता येईल असे थोडे वजन कमरेस ठेवणे शहाणपणाचे. प्राणवायूच्या त्या अपघातात कूस्तो यांना तारणारी गोष्ट हीच होती. पंखही मोठ्यात मोठा घ्यावा असे नाही. उबदार पाण्यात एका नळकांड्यासाठी बारा ते पंधरा किलो उचलणारा पंख सामान्यतः पुरतो. जाड पोशाखाला किंवा दोन नळकांड्यांना तो मोठा लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याने आपला साज एकट्याने तरंगत ठेवावा आणि तळाशी पोशाखाची घटलेली शक्ती भरून काढावी, एवढे काम त्याच्याकडून हवे. फाजील मोठा पंख पाण्यात फडफडतो, वेग मारतो आणि चुकून फुगला तर माणसाला अतिवेगाने वर फेकतो. दहा मीटरवरून वर येताना कोंडलेली हवा दुप्पट पसरते. श्वास रोखून धरणाऱ्याची फुप्फुसे त्याने फाटू शकतात. खरी परीक्षा शेवटी होते. नळकांडे जवळजवळ रिकामे झाले असता, पाच मीटर खोलीवर, पंखात हवा नसताना ज्याला स्तब्ध राहता येते, त्याचे वजन बरोबर निवडलेले आहे असे समजावे.

आवश्यक तेवढेच घ्यावे आणि प्रत्येक वस्तू तपासून घ्यावी, हा धडा कूस्तो व त्यांचे सोबती जबर किंमत देऊन शिकले. २७ ऑगस्ट १९४६ रोजी कूस्तो आणि द्युमा फ्रान्समधील व्होक्ल्यूझच्या खोल झऱ्यात उतरले. अंधारी कपार, अंगावर जड साहित्य, हातात मार्गदर्शक दोर. काही वेळाने दोघांचीही बुद्धी बधिर झाली. दोराने द्यावयाच्या खुणाही नीट स्मरेनात. वर उभे असलेले सोबती मोरीस फार्ग यांना संशय आला, त्यांनी दोर ओढला आणि दोघांचे प्राण वाचले. मागाहून शोध केला, तेव्हा कारण उमगले. नळकांडी भरणाऱ्या यंत्राने स्वतःच्याच धुरातील विषारी वायू हवेबरोबर आत ओढला होता! पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, खोलीची मर्यादा अजमावताना तेच फार्ग १२० मीटरवर पोहोचले आणि शुद्ध हरपून मृत्यू पावले. ज्याने दोर ओढून मित्रांना वाचविले, त्याला दोर ओढूनही मित्र वाचवू शकले नाहीत. साध्या हवेवर किती खोल जाता येते, याची सीमा त्या बलिदानाने आखून दिली.

युद्ध संपल्यावर या मंडळींनी बंदरांतील सुरुंग शोधण्याचे धोक्याचे काम केले. १९५० साली कूस्तो यांना ‘कॅलिप्सो’ नावाची एक जुनी नौका मिळाली. मूळची ती युद्धकाळात सुरुंग काढण्यासाठी बांधलेली. एका धनिकाने ती वर्षाला केवळ एक फ्रँक भाड्याने त्यांच्या स्वाधीन केली. पुढे चार दशकांहून अधिक काळ ही नौका तांबड्या समुद्रापासून दक्षिण ध्रुवाकडील बर्फापर्यंत फिरली. तिच्यावरून घेतलेला ‘मूक जग’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि कान येथील महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९६२ साली मार्सेयजवळ दहा मीटर खोलीवर ठेवलेल्या पोलादी घरात त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक आठवडा काढला. १९६५ साली सहा जण शंभर मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले.

त्या गाजलेल्या चित्रपटात एक डागही होता. मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग फोडलेला आणि शार्क माशांची निर्दय हत्या झालेली त्यात दिसते. आरंभीच्या काळात कूस्तो स्वतः मोठे मासेमार होते. परंतु वर्षामागून वर्षे त्याच जागी उतरताना पूर्वीची गजबज त्यांना दिसेना. जेथे माशांचे थवे होते, तेथे ओसाड खडक उरले. समुद्र अफाट असला तरी अक्षय नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि स्वतःला बदलले. १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याचा बेत ठरला, तेव्हा त्यांनी लोकमत जागृत केले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. १९७३ साली समुद्राच्या रक्षणासाठी त्यांनी एक संस्था स्थापन केली. ज्या मनुष्याने समुद्राचे दार उघडले, तोच आता त्या दारावर पहारा करू लागला.

उतारवयात त्यांना मोठी दुःखे सोसावी लागली. १९७९ साली त्यांचा पुत्र फिलिप विमानाच्या अपघातात मरण पावला. १९९० साली सिमोन गेल्या. १९९६ च्या जानेवारीत सिंगापूरच्या बंदरात एका बार्जचा धक्का लागून ‘कॅलिप्सो’ बुडाली. तरीही अखेरपर्यंत त्यांनी काम सोडले नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. जन्मगावीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांनी व गान्यॉं यांनी सिद्ध केलेल्या झडपेच्या तत्त्वावरच आजचे पाणबुडे श्वास घेतात. गोव्यातील दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी असाच साज पाठीवर बांधून द्वारकेच्या समुद्रतळावरचे दगडी नांगर शोधले. आपल्या मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटक पाण्याखाली उतरून प्रवाळ पाहतात, आणि जवळच तारकर्लीला या विद्येचे शिक्षण मिळते. तेथे शिकावयास जाणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते की, पाण्यात बळापेक्षा संयम थोर. आपल्या पाठीवर किती भार घ्यावयाचा, आणि तो केव्हा टाकून द्यावयाचा, हे ज्याला ठरविता येते तो सुखरूप वर येतो. कूस्तो यांच्या आयुष्याचेही तेच सार आहे. अपघाताने हिरावलेल्या स्वप्नाचे ओझे त्यांनी उराशी धरले नाही, आणि स्वतःची चूक दिसताच तीही कवटाळून बसले नाहीत. म्हणूनच ते इतक्या खोलवर जाऊ शकले.